परब मावशींचा श्रावण आणि एक पॉइंट चार

रिपोर्टवर आकडा होता एक पॉइंट चार. समोर परब मावशी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, शेजारी त्यांचा मुलगा नितीन. तीनेक आठवड्यांनी मावशींना गणपतीसाठी कणकवलीच्या पुढे गावी जायचं होतं. त्यांच्या भावकीत गणपती आळीपाळीने बसतो. यंदा वर्ष मावशींचं होतं, आणि नवरा नसल्याने सगळं त्यांनाच उभं करायचं होतं. हा आकडा बघून त्यांना पाठवायची माझी हिंमत होईना.

माझं क्लिनिक लालबागला आहे. मावशींना एएफ आहे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट ठोका द्यायचं सोडून नुसते थरथरत राहतात. रक्त तिथे रेंगाळतं आणि त्याची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की पॅरॅलिसिस. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची, जन्मभर. हल्ली नव्या गोळ्या निघाल्यात, पण मावशींची झडप लहानपणीच्या तापाने खराब झालेली आहे. अशांना जुनीच गोळी द्यावी लागते आणि आयएनआर नावाची तपासणी करत राहावी लागते. मावशींचा आयएनआर दोन ते तीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची.

आणि हा कायम दोन-तीनमध्येच असायचा. या बाईसारखी पेशंट मी दुसरी पाहिलेली नाही. मसाल्याच्या ऑर्डरी घेतात, मिरच्या भाजताना धडधड सुरू झाली की आधी गॅस बंद करतात, मग खुर्चीत बसतात. विळीवर बोट कापलं तर रक्त थांबेपर्यंत दाबून धरतात, उगाच घाबरत नाहीत. केमिस्टने गुडघ्यासाठी परस्पर पेनकिलर दिली तेव्हा ती त्याच्याच काउंटरवर परत ठेवून आल्या. मला न विचारता साधा काढाही घेत नाहीत.

मग आकडा पडला कसा? नवीन औषध नाही. गोळीची कंपनी तीच. नितीनला वाटत होतं, आई उपासाच्या दिवशी गोळी चुकवत असणार. त्याने तसं बोलूनही दाखवलं.

मावशींनी त्याच्याकडे बघितलंच नाही. मला म्हणाल्या, "उपास देवासाठी करतंय, मॅडम. गोळी माझ्यासाठी घेतंय. दोन्हीची गल्लत मी नाय करूची."

माझा त्यांच्यावर विश्वास बसला, पण विश्वासाने आयएनआर वाढत नाही. मी डोस लिहायला पेन उचललं, तेवढ्यात मावशींनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. अळूवड्या. श्रावण सुरू होता ना. मी एक तोंडात टाकली आणि खाता खाता सहज विचारलं, की सध्या घरी जेवायला काय असतं.

मावशी सांगत गेल्या आणि माझा घास तोंडातच राहिला. श्रावणात मासे बंद. मग एक दिवस टाकळा, एक दिवस भारंगी, शेवग्याचा पाला, अळूचं फतफतं. गावाहून आलेल्या रानभाज्या संपेपर्यंत दोन्ही वेळा. एरवी वर्षभर घरात बांगडा नाहीतर कोळंबी, पालेभाजी कधीतरी चवीपुरती.

पालेभाजीत के जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि ते या गोळीच्या बरोबर उलट काम करतं. वर्षभर आम्ही गोळी बसवली होती माशांच्या जेवणावर. श्रावणाने जेवणच बदललं.

डोस भरपूर वाढवला असता तर आकडा वर आला असता, पण प्रश्न तिथे संपत नव्हता. गावी गौरी-गणपती झाले की मासे परत सुरू, पालेभाजी बंद. तोच वाढीव डोस तेव्हा रक्त नको तितकं पातळ करणार, आणि जवळपास लॅब नाही. मी हे समजावून सांगितलं. नितीन लगेच म्हणाला, "आई, तू यंदा राहूच दे. काका बघून घेतील."

मावशींनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "मॅडम, रोज सारखीच भाजी खाल्ली तर चालात?"

"चालेल. भाजी बंद करायची नाहीच आहे. रोज सारखी हवी, एवढंच."

"मग एक वाटी. श्रावण असो नायतर शिमगो. तुम्ही त्या वाटीवर गोळी बसवा."

त्या दिवसापासून रोज एक छोटी वाटी, जास्त नाही, कमी नाही. त्या हिशोबाने डोस मी अगदी किंचित वाढवला. आठवड्याने तपासलं तर आकडा दोनच्या वर आला होता. निघण्याआधी पुन्हा तपासलं, तिथेच होता. मी जा म्हटलं, पण खात्री वाटत नव्हती. ऋषिपंचमीला कोकणात पालेभाज्यांचं अख्खं पातेलं शिजतं, आणि गौरीच्या सणाला वडे-सागोती, म्हणजे वडे आणि मटणाचा रस्सा. घरची मोठी सून पाहुण्यांत वाटी मोजत बसेल का?

त्या बसल्या. ऋषीची भाजी वाटीभर घेतली आणि दुसऱ्यांदा वाढायला आलेल्या जावेचा हात धरला. जाऊ रुसली. सागोतीच्या दिवशी सगळे वड्यांवर तुटून पडले, तेव्हा यांनी पानात आधी माठाच्या भाजीची वाटी वाढून घेतली. मुंबईहून आलेली बाई नखरे करते असं अख्खी भावकी म्हणाली, आणि यांनी ऐकून घेतलं. हे मला नितीनने सांगितलं. आई गोळी चुकवते म्हणणारा तोच.

परतल्यावर रिपोर्ट आला दोन पॉइंट पाच. मला इतका आनंद झाला की मी उठून मावशींचा हात हातात घेतला. त्या आपल्या पुढची तारीख विचारत होत्या.

पालेभाजी खाता का, हे मी या गोळीच्या पेशंटना आधीही विचारायचे. उत्तर यायचं, "हो, कधीतरी." आता विचारते, "श्रावण पाळता का?"