मामांच्या यार्डातले सहा सांधे

आधीच सांगतो, भूतबीत, अंगात येणं असल्या गोष्टींची मी आयुष्यभर टर उडवली. अहमदपूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. वायर तुटली की करंट थांबतो, एवढंच माझं शास्त्र... आणि त्यावर माझा आजही भरवसा आहे. तरी हे लिहितोय, कारण हे मी स्वतः पाहिलंय.

उस्मानाबादेतून फुटून लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरचा दुष्काळ. विहिरी आटलेल्या. मोटारी चालतच नव्हत्या, तर जळणार कुठून? दुकानात माशा मारत बसलो होतो. तेवढ्यात लातूरहून मामींचा निरोप आला, तसा मी लातूर गाठलं.

माझे मामा नॅरोगेजवर सांधेवाले — म्हणजे गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते लिव्हर ओढून ठरवणारे. रिटायर झाल्यावर त्यांनी आडव्या टाकलेल्या एका जुन्या दारावर पत्र्याच्या पट्ट्यांचे रूळ ठोकून अख्खं यार्ड उभं केलं होतं. चावीची छोटी गाडी, सहा सांधे, सगळे हातानं हलवायचे. मग लकवा झाला आणि उजवा हात गेला.

"भिंतीकडं तोंड करून पडलेत बघ," मामी म्हणाल्या. "घास घेईना झालेत. असं किती दिस निघणार? तूच कायतरी कर, मन्मथ."

मला लई वाईट वाटलं. पण छातीठोकपणे म्हणालो, "मामी, खाटेवर बसून डाव्या हातानं यार्ड चालवतील, बघाच तुम्ही!"

सहा सांध्यांखाली मी स्वतः गुंडाळलेल्या कॉइल बसवल्या, ट्रान्सफॉर्मर लावला, लांब वायरीवर बटनांची फळी केली. चौथ्या दिवशी दुपारी मामांना उशीला टेकून बसवलं. एरवी टेस्ट लॅम्प लावून बघितल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला मोटार देत नाही. त्या दिवशी उत्साहात राहूनच गेलं.

"दाबा मामा!"

सांधेवाल्यांची एक शिस्त असते — सांधा फिरवला की पातं रुळाला चिकटलंय का ते डोळ्यानं बघायचं, मगच हात वर करायचा. मामांनी बटन दाबलं. खट्! पातं सरकलं. मामांनी नीट निरखलं, डावा हात वर केला. मी गाडी सोडली. असे सहाच्या सहा सांधे... गाडी बरोबर शेवटच्या सायडिंगला! मामी रडायलाच लागल्या. मीही कॉलर ताठ केली.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरायला लागला.

"आली बाई लाईट," मामी म्हणाल्या.

"आली म्हणजे? गेली कधी होती?"

"सकाळधरनं न्हाई की!"

मी बटनं दाबली — आता लाईट असून एकही सांधा हलेना. दाराखाली वाकून बघतो, तर सगळ्या कॉइलींना जाणारी मेन वायर मी जोडलीच नव्हती. तशीच लोंबकळत होती.

कोणी म्हणेल, धक्क्यानं हलले असतील. सहाच्या सहा? हव्या त्या बाजूला? वायर जोडल्यावर सगळं झकास चाललं, ती माझी कारागिरी. त्याआधीचं काय, ते मात्र मला आजतागायत सांगता आलेलं नाही.

त्या दुपारी मामांनी आपण होऊन भाकरी मागितली. मामी भरवत होत्या. न राहवून मी विचारलं, "मामा, सांधे हलले कसे?"

"वढले की," मामा जड जिभेनं म्हणाले.

"कुठल्या हातानं?"

त्यांनी मांडीवर निपचित पडलेल्या उजव्या हाताकडं बोट दाखवलं. लकव्यापासून त्या हाताला चिमटासुद्धा कळत नव्हता.

"खांदा भरून आलाय बघ," मामा म्हणाले. "लई दिसांनी वढले न्हवं."

मामी तेल आणायला उठल्या.