वरचा खाली आहे

"वरचा खाली आहे."

काकूंच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य. ग्वाल्हेरच्या हॉस्टेलात मी डॉर्मच्या दारात उभी राहून फोनवर आईला सांगत होते, "हो गं, बायकांचीच खोली आहे." पायाशी बुटांचे पाच जोड होते, सगळे पुरुषी. एकटीने फिरायची माझी पहिलीच खेप. संध्याकाळच्या गाडीने नाशिकला परतायचं जवळपास ठरलंच होतं. तेवढ्यात खालच्या पलंगावरून साठीच्या एक बाई हे कोडं घालतात! वरचा खाली कसा असेल? मग उमगलं, बाई उत्तरेकडच्या मराठी; हिंदीच्या शेजारात राहून त्यांचं 'खाली' म्हणजे रिकामं. मला हसू आलं, आणि हसल्यावर परत फिरणं अवघड झालं.

काकूंनी पलंगावर संसारच थाटला होता. घरची फुलाफुलांची चादर, बॅगेला हे एवढं कुलूप, उशाशी चिवड्याचा डबा. येईल त्याच्यापुढे डबा धरून त्या विचारायच्या, "बेटा, नाम क्या है? कहाँ के हो? खर्राटे लेते हो?" चांगले दाढीवाले पोरगेही इमानदारीत उत्तर द्यायचे. मला म्हणाल्या, "नाव विचारून घ्यायचं गं. बिननावाच्या माणसाची भीती जास्त वाटते. आणि कोणी ठीक नाही वाटला, तर सरळ मॅनेजरकडून पलंग बदलून घ्यायचा. त्यात शरम कसली?"

बाईंनी अर्धा देश पालथा घातला असणार, असं मी धरून चालले.

संध्याकाळी आम्ही पाटणकर बाजारात निघालो. दौलतगंजचं वळण आलं तसा काकूंनी डोक्यावरून पदर ओढला आणि माझ्याआड झाल्या. "दोन गल्ल्या सोडून माझं घर आहे. मुलाला सांगितलंय, उज्जैनला मैत्रिणीकडे गेले."

शाळेतून रिटायर झाल्यावर त्यांना एकटीने दक्षिण फिरायची होती. मुलगा म्हणाला, आई, परक्या माणसांत तुला झोप तरी लागेल का? ते त्यांना फार लागलं. "म्हटलं, आधी इथेच झोपून बघू. काल तर डोळ्याला डोळा नाही लागला. आज पण नाही लागला, तर तिकीट कॅन्सल." मला धीर देणारी बाई माझ्याइतकीच घाबरलेली होती.

सकाळी जाग आली ती त्यांच्या ओरडण्याने. "लागली गं! झोप लागली! घोरले का मी?"

समोरच्या पलंगांवरून तिघं एका सुरात म्हणाले, "हाँ, आंटी."

मला ते घोरणं ऐकूच आलं नव्हतं.

फूलबागेपाशी आम्ही निरोप घेतला. मी स्टेशनाकडे निघाले आणि काकू बॅग घेऊन, दहा मिनिटांवरच्या घरी, 'उज्जैनहून' परत. उरलेला चिवडा त्यांनी मला दिला. पुढची सहा गावं मी त्यांच्या जिवावर फिरले. आईलाही खरं काय ते सांगून टाकलं. आईने दोन दिवस अबोला धरला, मग विचारलं, त्या काकू कशा आहेत. काकूंचे उपकार मानायचे ते किती, मला अजून उमगलेलं नाही.

परवा मदुराईहून त्यांचा फोटो आला. तीच फुलाफुलांची चादर, तेच कुलूप. खाली लिहिलं होतं, "खालचा मिळाला. वरचा खाली आहे."

डोळे पुसून मी विचारलं, "घोरणारे किती?"

उत्तर आलं, "सध्या तर मी एकटीच."