माझी डिग्री ओलीस राहिली त्याची गोष्ट

"काका, तिजोरीची किल्ली कोणाकडे असायची?"

सिस्टर पल्लवी जाधव माझ्या टेबलासमोर उभी होती. हातात छोटी डायरी, आणि डायरीत माझ्या आदल्या दिवशीच्या भाषणाचे मुद्दे, नंबर घालून. भाषणाला आलेली बहुतेक मंडळी नंतरच्या बटाटेवड्यांसाठी थांबली होती. लिहून घेणारी ही एकटीच, आणि नेमकी ती आमच्याच हॉस्पिटलची निघाली.

आधी भाषणाचं सांगतो. मी वीस वर्षं मस्कतला एका बांधकाम कंपनीत एचआरमध्ये होतो. निवृत्त होऊन ग्वाल्हेरला परत आलो. मला घरात बसवेना, आणि मी घरात बसलेला हिला बघवेना, म्हणून दौलतगंजजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात एचआर मॅनेजर झालो. अशात इथल्या मराठी मंडळींनी फूलबागेजवळच्या एका हॉलमध्ये माझं भाषण ठेवलं. विषय, 'आखातातले प्रश्न: एका रहिवाशाच्या नजरेतून'. मला चाळीस मिनिटं दिली होती. मी सव्वा तास बोललो.

सुरुवातीला मी तिथले रस्ते, स्वच्छता, रस्त्यावरची निर्धास्ती यांचं कौतुक केलं, कारण ते खरं आहे. मग प्रश्नांवर आलो. काम एकच, पण पगार पासपोर्ट बघून. अख्खं आयुष्य तिथे काढा, राहण्याचा परवाना नोकरीपुरताच. नोकरी संपली की बाडबिस्तरा गुंडाळा. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम बंद ठेवायचा कायदा आहे, आणि चांगला आहे. फक्त त्या दिवसांत काही साइटवरची घड्याळं मागे पडायची.

सगळ्यात जास्त तापलो ते कफीलवर. कफील म्हणजे तुमचा जामीन राहणारा मालक. तुमचा व्हिसा त्याच्या जिवावर. आमच्या वेळी दुसरी नोकरी धरायची तर त्याचं ना-हरकत पत्र लागायचं. आता म्हणे बरंच सैल झालंय. कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेणं तिथेही नियमात बसत नाही, पण कंपन्या तो 'सुरक्षित राहावा म्हणून' तिजोरीत ठेवायच्या. "माणसाचा कागद अडकवला की माणूस अडकतो!" मी टेबलावर हात आपटून म्हणालो. टाळ्या पडल्या. हे वाक्य पल्लवीच्या डायरीत सात नंबरला होतं.

"किल्ली एचआरकडे असायची," मी म्हणालो.

"म्हणजे तुमच्याकडे."

"हो."

"आणि इथल्या अलमारीची?"

इथल्या अलमारीचं असं आहे. नवीन नर्स आली की आमचं हॉस्पिटल तिची मूळ डिग्री आणि कौन्सिलचं नोंदणीपत्र जमा करून घ्यायचं. नोंदणीपत्राशिवाय नर्सला कुठेच ड्यूटी करता येत नाही. कारण सांगायचं व्हेरिफिकेशनचं. व्हेरिफिकेशनला अर्धा दिवस लागतो. कागद मात्र नर्स असेपर्यंत अलमारीत राहायचे, आणि कागद अलमारीत म्हणून नर्सही राहायची. ही पद्धत मी येण्याआधीची. पण मी आलो तेव्हा त्यात मला काही वावगं दिसलं नाही, हे कबूल करतो. उलट मी त्या कागदांचा सुरेख इंडेक्स केला. नावाप्रमाणे, वॉर्डाप्रमाणे. त्याचा मला अभिमानही होता.

पल्लवीला मस्कतच्याच एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली होती. त्यासाठी डिग्रीचं अटेस्टेशन, म्हणजे सरकारी शिक्के, हवे होते. आधी भोपाळ, मग दिल्ली. शिक्का मूळ कागदावरच बसतो.

"काका, शुक्रवारपर्यंत ओरिजिनल भोपाळच्या एजंटकडे नाही पोचले तर ते लिस्टमधली दुसरी घेऊन घेतील. मी तीन वेळा अर्जी दिली. डॉक्टर साहेब म्हणतात, देखते हैं. मी पुलिस थाण्यात पण जाऊ शकते, पर मला भांडून नाही जायचं. मी सगळं काम इथेच शिकले." मग म्हणाली, "आमच्याकडे पणजोबांपासून सगळे फौजेतच गेले. बाहेरच्या मुलुखात नोकरीला कोणी नाही गेलं. मुलगी तर सोचूच नका. मी पहिली आहे काका."

मला लाज वाटली. अगदी साधी, शाळेत वाटायची तशी. तो दिवस मंगळवार होता.

मी तडक डॉक्टर साहेबांकडे गेलो. डॉक्टर साहेब म्हणजे हॉस्पिटलचे मालक. माणूस कष्टाळू, पण नर्सेस सोडून जातील या धास्तीने कायम अर्धा आजारी.

"सर, ओरिजिनल ठेवून घेणं चूक आहे."

"चूक? आपने ही तो इंडेक्स बनाया. बहुत बढ़िया इंडेक्स है."

"सर, तिचं सिलेक्शन जाईल."

"और मेरा आईसीयू? पिछले साल तीन सिस्टर गईं. वेंटिलेटर आप देखेंगे?"

व्हेंटिलेटर मी बघणार नव्हतो. तेव्हा मला मस्कतचा फॉर्म आठवला. तिथे कामगाराला सुट्टीवर जायला पासपोर्ट हवा असेल तर एक फॉर्म भरावा लागायचा, आणि एखादा सहकारी त्यावर गॅरेंटर म्हणून सही करायचा. हा परत आला नाही तर मला धरा, असा त्याचा अर्थ. असे शेकडो फॉर्म मी भरून घेतले होते. एकावरही स्वतः सही केली नव्हती.

"सर, शिक्के मारून ती कागद परत आणून देईल. तोवर मी गॅरेंटर राहतो."

डॉक्टर साहेबांचे डोळे चमकले. "गारंटर? ये अच्छा है. तो आप अपनी ओरिजिनल डिग्री जमा कर दीजिए."

माझी डिग्री घरी बैठकीत फ्रेम करून टांगलेली. मी स्टुलावर चढून ती काढत होतो तेव्हा हिने विचारलं, "आता या वयात तुमची डिग्री कोणाला हवी झाली?" मी सगळा प्रकार सांगितला. ही शांतपणे म्हणाली, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण," आणि स्टूल धरून उभी राहिली.

फ्रेमवाल्याने कधीकाळी डिग्री मागच्या पुठ्ठ्याला चिकटवून टाकलेली होती. बुधवारी सकाळी पाटणकर बाजारात त्याच्या दुकानात गेलो. त्याच्या मुलाने ब्लेडने हळूहळू ती सोडवली. म्हणाला, "अंकल, इस उम्र में बाहर जॉब लगी है क्या?"

"नहीं. किसी और की लगी है."

मी माझ्या डिग्रीची इंडेक्समध्ये नोंद केली, पल्लवीचे कागद काढले आणि तिच्या हातात दिले. तिने ते उलटून पालटून बघितले, जणू बदलून दिलेत की काय. मग वाकून माझ्या पाया पडली आणि दुपारच्या गाडीने भोपाळला गेली. कागद मुदतीत एजंटकडे पोचले. गोष्ट इथे संपली असती तर मी भाषणात सांगायला मोकळा झालो असतो.

पण शनिवारी माझ्या टेबलासमोर अकरा सिस्टर उभ्या. सगळ्यांना गॅरेंटर हवा होता.

"अहो, माझ्याकडे एकच डिग्री आहे!"

"काकूंचं बी.एड. झालंय ना?" मागून एक आवाज आला.

मी प्रत्येकीला बसवून विचारलं, कागद कशाला हवेत? दोघी परदेशी निघालेल्या. एकीला सरकारी भरतीचा फॉर्म भरायचा होता. एकीला लग्नासाठी आलेल्या स्थळाला डिग्री दाखवायची होती. मुलाकडचे म्हणे विश्वास ठेवत नव्हते. बाकीच्या नुसत्याच म्हणाल्या, "अपने पास रहने चाहिए, बस."

मी पुन्हा डॉक्टर साहेबांकडे. या वेळी फॉर्मबिर्म काही काढला नाही. म्हटलं, "सर, सगळ्यांचे सगळे कागद परत द्या. फोटोकॉपी ठेवा. जिला जायचं तिने एका महिन्याची नोटीस द्यावी."

"सब चली जाएँगी."

"नाही जाणार."

"और चली गईं तो? बेडपैन आप उठाएँगे?"

"उठाऊंगा."

"लिखकर दीजिए."

मी लिहून दिलं. सही केली, तारीख घातली, वर 'विषय: बेडपॅन' असंही लिहिलं. डॉक्टर साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि हसायला लागले. ते असे हसलेले मी पहिल्यांदाच बघितले. सोमवारी सगळे कागद वाटले, माझी डिग्रीही सुटली. मंगळवारी सकाळी आठच्या ड्यूटीला झाडून सगळ्या हजर होत्या. मी मात्र आठवडाभर रोज पावणेआठला वॉर्डात जाऊन डोकी मोजत होतो.

पुढे पल्लवी गेली, आणखी दोघी गेल्या. तिघींनीही नोटीस दिली, जाण्याआधी नव्या मुलींना काम शिकवलं. मला बेडपॅनला हात लावावा लागला नाही. आता डॉक्टर साहेब इतर हॉस्पिटलवाल्यांना ऐटीत सांगतात, "हम ओरिजिनल रखते ही नहीं. हमारी शुरू से यही पॉलिसी है." मी मान डोलावतो. नोकरी करायची तर मान मऊ लागते.

गेल्या महिन्यात पल्लवीचा मस्कतहून मेसेज आला. "काका, पहिल्याच दिवशी इथल्या एचआरने पासपोर्ट मागितला. बोलले, सेफ राहील. मी म्हटलं, पावती द्या आणि परत कधी देणार ते लिहून द्या. त्यांनी फोटोकॉपी काढून परत दिला. एचआरवाले अंकल केरळचे आहेत. स्वभावाने खूप चांगले. एकदम तुमच्यासारखे."

मी तो हिला वाचून दाखवला. ही म्हणाली, "बघा, केवढं कौतुक केलंय तुमचं."

कौतुकच होतं ते. पण मला त्यातून कळलं ते वेगळंच. लोकांचे कागद अडकवून ठेवायला वाईट माणसं लागत नाहीत. चांगल्या स्वभावाची, वेळेवर ऑफिसला येणारी माणसं पुरतात.