प्रभाबाईंच्या नावावरची आमटी

गुरुग्राममधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कँटीनमध्ये दत्तात्रय पळसुले सोळा वर्षं मुख्य आचारी होता. चारशे माणसांचं जेवण तो शिट्टी वाजवत रांधायचा. भात लागला, गॅस संपला, पनीर आलंच नाही, कशानंही त्याचा चेहरा बदलायचा नाही. तो बदलला एका कोऱ्या कागदामुळे.

कागद दिला होता सृष्टीनं. कँटीन चालवणाऱ्या केटरिंग कंपनीत ती एच.आर. बघायची. वय सव्वीस, जन्म नोएडाचा, घरी मराठी आणि बाहेर अखंड हिंदी. तिच्या डोक्यातून निघालं होतं की स्वयंपाकघरातल्या प्रत्येकानं आपल्या घरची एक पाककृती आणि तिची आठवण लिहून द्यायची. रोज एकाचा पदार्थ कँटीनमध्ये करायचा, आठवण फलकावर लावायची आणि शेवटी सगळ्यांची मिळून एक पुस्तिका छापायची.

कागद भराभर भरून आले. तंदूर सांभाळणारा रामफल पानिपतचा. त्यानं बाजरीच्या खिचडीवर असं लिहिलं की वाचताना सृष्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याची दादी म्हणे पहाटे चुलीपाशी बसून खिचडी घोटायची आणि तिच्या बांगड्यांच्या आवाजानं त्याला जाग यायची. भाज्या चिरणाऱ्या लीलाम्मानं कोट्टायमच्या फिशकरीवर दोन पानं लिहिली. अकरापैकी दहा कागद आले. राहिला एकच.

"दत्ताकाका, तुमचाच राहिलाय यार. तुम्ही तर हेड आहात!"

"देतो गं. सोमवारी."

असे तीन सोमवार गेले.

अडचण अशी होती की दत्ताच्या आईला स्वयंपाक येत नव्हता. येत नव्हता म्हणजे बेतास बात येत होता असंही नाही. प्रभाबाई दिल्लीत केंद्र सरकारच्या मंत्रालयात स्टेनो होत्या. त्यांचा टायपिंगचा वेग बघायला दुसऱ्या विभागातली माणसं यायची, आणि त्यांनी टाइप केलेल्या कागदावर खोडरबर फिरवायची वेळ कुणावर आली नाही. पण लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्याच हातांनी पिठलं केलं की त्यात लिंबाएवढ्या गुठळ्या व्हायच्या, आणि त्या फोडल्या की आतून कोरडं पीठ उडायचं. पोळीचा आकार कुणी विचारत नसे, कारण ती आधी तुटली तर पाहिजे. दत्ताचे वडील विश्वासराव पानावर बसले की पहिला घास घेऊन थोडा वेळ समोरच्या भिंतीकडे बघायचे आणि म्हणायचे, "आज वेगळं झालंय." पस्तीस वर्षांच्या संसारात याहून कडक शेरा त्यांनी मारला नाही.

दत्ता अकराव्या वर्षी कुकर लावायला शिकला, तो हौसेनं नव्हे, जीव वाचवायला.

आता हे कागदावर कसं लिहायचं? आई एकोणऐंशी वर्षांची होती, त्याच्याचकडे दिल्लीत पालमला राहत होती, रोज चष्मा लावून वर्तमानपत्राचा कोपरान् कोपरा वाचत होती. तिची शोभा चारशे माणसांत करायची? दत्ताचं मन होईना.

चौथ्या सोमवारी सृष्टी सरळ मुदपाकखान्यातच येऊन उभी राहिली, पेन उघडून. "तुम्ही बोला, मी लिहिते. आजीची रेसिपी, आईची, कुणाचीही. चलो."

दत्ता तेव्हा डाळ घोटत होता. समोर रामफल रोट्या थापत होता. रामफलकडे बघून पानिपत आठवलं आणि डाळीकडे बघून आमटी, आणि दोन्ही एकदमच तोंडातून बाहेर पडली.

"पानिपतची आमटी," तो म्हणाला.

"वॉव. म्हणजे?"

एकदा सुरुवात झाल्यावर त्याला थांबता येईना. पळसुल्यांचा मूळ पुरुष खंडेराव, पेशव्यांच्या फौजेत मुदपाकी. लढाईच्या आदल्या दिवशी रसद संपली, तेव्हा त्यानं उरलीसुरली तुरीची डाळ, चिंच, गूळ आणि मिरी एकत्र उकळून सरदारांना जेवू घातलं. लढाईतून तो वाचला तो कमरेला मिरीची पुरचुंडी बांधून. मग ती आमटी सासूकडून सुनेला, सुनेकडून तिच्या सुनेला, अशी दत्ताच्या आईपर्यंत आली. आईच्या हातची ती आमटी म्हणजे... इथे दत्ता डाळ घोटायचा थांबला. का ते त्यालाही कळलं नाही.

रामफलचा हात रोटीवर थांबला होता. सृष्टी गेल्यावर त्यानं विचारलं, "पंडितजी, लड़ाई में इमली किसके पास थी?"

"तू रोट्या बघ."

गुरुवारी आमटी झाली. जिरं-मिरीची फोडणी, कढीलिंब, किसलेलं सुकं खोबरं, वरून पळीभर तूप. दीड वाजता पातेल्याचा तळ दिसला, आणि माणसं पुन्हा रांगेत येऊन विचारू लागली. त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या कुणा मोठ्या साहेबांनी वाटी तोंडाला लावून प्यायली. रामफलनं हे सगळं पाहिलं आणि जेवणानंतर सृष्टीला जाऊन सांगितलं, की आमच्या पानिपतात ही आमटी अजून करतात, माझी दादीही करायची. सृष्टीनं तेही फलकावर घातलं.

दत्ता घाबरला, पण वाटलं, चार दिवसांत लोक विसरतील. सृष्टी विसरणारी नव्हती. तिनं दत्ताच्या बायकोचा, हेमांगीचा, नंबर मिळवला आणि समारोपाच्या शुक्रवारी पालमला गाडी पाठवली. दत्ताला सरप्राइज द्यायचं होतं. हेमांगीला एवढंच कळलं होतं की ऑफिसात सासूबाईंचा सत्कार आहे. कशाबद्दल, हे तिनं विचारलं नाही.

त्या दिवशी लोकांच्या आग्रहाखातर आमटी पुन्हा केली होती. दत्ता वाढप बघायला बाहेर आला तर समोर आई. इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स, हातात गुलाबाचं फूल. ती फलकासमोर उभी राहून, बोट ओळीवर ठेवून वाचत होती.

"दत्ता," फलकावरून नजर न काढता प्रभाबाई म्हणाल्या, "हा खंडेराव कोण?"

"आई, तू बस ना आधी."

"पेशव्यांच्या फौजेत? आपण तर तुझ्या वडिलांच्या आजोबांपासून कारकून."

तेवढ्यात सृष्टीनं माइक त्यांच्या हातात दिला. "आजी, दोन शब्द. ती आमटी तुम्ही कशी करायचात?"

चारशे माणसं वळून बघायला लागली. प्रभाबाईंनी माइक तोंडापासून नेमका वीतभर दूर धरला आणि मंत्रालयात घोटलेल्या शुद्ध हिंदीत सांगितलं, की ही आमटी मी आयुष्यात केलेली नाही. मला स्वयंपाक येत नाही. माझं पिठलं दूधवाल्याच्या कुत्र्यानं हुंगून सोडून दिलं होतं, याला साक्षीदार आहेत. आणि यात लाजण्यासारखं काही नाही, कारण माझी नोकरी टायपिंगची होती आणि ती मी चोख केली. परंतु दुसऱ्याचं काम माझ्या नावावर लावलेलं मला चालणार नाही. कार्यालयात कधी चालवून घेतलं नाही, इथेही घेणार नाही. कृपया दुरुस्ती करावी.

आधी कुणीतरी फुसकन हसलं, मग सगळं कँटीन हसायला लागलं. टाळ्या थांबेनात. सृष्टीच्या चेहऱ्यावर मात्र हसावं की रडावं असा भाव होता, कारण तो फलक रंगीत छापून आणला होता.

दत्तानं आईला आत नेऊन पिठाच्या पोत्यावर बसवलं आणि पाणी दिलं.

"तुला कमीपणा येऊ नये म्हणून केलं गं मी."

"मला कसला कमीपणा?" प्रभाबाई म्हणाल्या. "चव घेऊन बघितली मी मघाशी. ते कमलाम्मांचं सारू आहे. त्यात गूळ तू जास्त घातलास."

शेजारच्या क्वार्टरमधल्या बेळगावकडच्या कमलाम्मा. शाळेतून आला की तो आधी त्यांच्या मागच्या दारानं आत शिरायचा, ओट्याशी उभं राहून वाटीभर सारू, म्हणजे कानडी आमटी, आणि भात खायचा आणि तोंड पुसून घरी यायचा. ही चोरी आईला कळू नये म्हणून त्यानं केवढी काळजी घेतली होती. घरी येऊन तो आईचं पिठलंही खायचा, संशय नको म्हणून.

"तुला माहीत होतं?"

"अरे, मीच तिला सांगितलं होतं. म्हटलं, घरचं पोराला जात नाही, वाळत चाललंय, येता-जाता त्याला चार घास घाल. तिच्या मुलीला मी शॉर्टहँड शिकवायची, तिच्या नवऱ्याच्या बदलीचे अर्ज टाइप करून द्यायची. क्वार्टरांच्या सगळ्या ओळीत माझाच इंग्रजी ड्राफ्ट चालायचा." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "मात्र घरी येऊन तू माझं पिठलं का खायचास, ते मला कधी कळलं नाही. मला वाटायचं, ते तरी त्याला आवडतं. म्हणून मी आठवड्यातून तीनदा करायची."

दत्ताला हसू फुटलं, आणि हसता हसता त्याला पोत्याच्या कडेला टेकावं लागलं. प्रभाबाई आधी जरा रागावून बघत राहिल्या, मग त्याही हसायला लागल्या. सृष्टी दारात उभी होती, वही घेऊन.

"आजी, मग आता मी काय लिहू?"

"सांगते, घे लिहून. बेसन दोन वाट्या. पाणी उकळलं की सगळं बेसन एकदम ओतावं. ढवळू नये. गुठळ्या होतात, होऊ द्याव्यात."

"गुठळ्या म्हणजे?"

"अगं..." प्रभाबाईंनी दत्ताकडे पाहिलं. "हिला करूनच दाखवावं लागेल."

सोमवारी त्यांनी स्वयंपाकघरातल्या अकरा जणांपुरतं पिठलं केलं. दत्तानं पाठमोरं होऊन लसणीची फोडणी सरकवायचा प्रयत्न केला, तर त्याच्या हातावर चमचा बसला. लीलाम्मानं एक घास खाल्ला आणि दुसरा कागदी रुमालात गुंडाळला. रामफलनं अर्धी वाटी संपवली, वर ग्लासभर पाणी घेतलं आणि मग सृष्टीला बाजूला घेऊन म्हणाला, माझा कागद परत द्या. त्याची दादी तो जन्मायच्या आधीच गेली होती. खिचडी तो जी.टी. रोडवरच्या एका ढाब्यावर शिकला होता, आणि बांगड्यांचा आवाज त्या ढाब्यावरच्या पातेली टांगायच्या साखळीचा होता. दुपारपर्यंत आणखी सहा कागद दुरुस्तीला आले. लीलाम्माची फिशकरी तिच्या दिल्लीतल्या पहिल्या मालकिणीची निघाली. मालकीण पंजाबी होती, तिला ती कृती एका मासिकात सापडली होती.

पुस्तिका महिनाभर लांबली. सृष्टी आधी डोक्याला हात लावून बसली. मग नवे कागद वाचायला बसली आणि सायंकाळपर्यंत जागची उठली नाही. सगळं प्रभाबाईंनी तपासलं, व्याकरणासकट. दर बुधवारी कंपनीची गाडी त्यांना आणायची. माणसं समोर बसून सांगायची आणि त्या शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायच्या. मध्येच पेन्सिल थांबवून विचारायच्या, "ये आपने देखा था, या किसीने बताया?" आणि समोरचा खरं सांगायचा.

आमटीच्या पानावर कमलाम्मांचं पूर्ण नाव घालायला हवं, असं प्रभाबाईंचं म्हणणं पडलं. परवानगीशिवाय नाव छापायचं नाही, हेही. दत्तानं चार जणांना फोन करून बेळगावचा नंबर मिळवला. कमलाम्मा शहाऐंशी वर्षांच्या होत्या, ऐकू कमी यायचं. संध्याकाळी घरी दत्तानं फोन स्पीकरवर टाकला, ओरडून पुस्तिकेचं समजावलं, आणि आईकडे दिला.

त्या दोघी पाऊण तास बोलल्या. सुपरिंटेंडेंटची जागा बायकोच्या ओळखीवर कुणाला मिळाली, कुणाची बदली शिलाँगला झाली आणि तो रडला, कॉलनीत नळाला पाणी किती वाजता यायचं, आणि वरच्या मजल्यावरच्या त्या बाईचं पुढे काय झालं. खाण्याचं नाव दोघींपैकी एकीनंही काढलं नाही. दत्ता हातात वही घेऊन परवानगी विचारायची संधी शोधत उभा राहिला, आणि शेवटी कणीक मळायची राहिलीय हे आठवून आत गेला.