वीतभर मागे

मोटरसायकलवर लांबलांब फिरणारी मंडळी म्हणजे एकेक नमुना असतो. गाडी घ्यायची ठरली की सहा सहा महिने नुसता खल. सीट उंच की बुटकी, टाकी केवढी, चाकं तारांची की ओतीव. एवढं डोकं पिकवून गाडी घ्यायची आणि दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीच्या दारात उभं राहायचं. हँडल वर घे, सीट बदल, मागे बॉक्स लाव. "मग हीच घेतली कशाला?" असं मिस्त्री दरवेळी विचारायचा आणि वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढून कामाला लागायचा.

तोंडाचा फटकळ, पण कामाला चोख माणूस. बॉक्सच्या कॅरिअरबाबत तर तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. त्याच्याकडे सुतळीला मोठा नट बांधून केलेला ओळंबा होता. बॉक्सच्या मधोमध सुतळी धरायची आणि खाली सोडायची. नट मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे लोंबला तर उत्तम, आसावर आला तर चालेल. आसाच्या मागे गेला तर सगळं उखडायचं आणि पुन्हा जोडायचं. भार मागे गेला की पुढचं चाक हलकं होतं, वेगात हँडल थरथरायला लागतं, आणि ती थरथर एकदा चढली की भल्याभल्यांना आवरत नाही. हे तो गिऱ्हाइकाला घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचा.

आणि त्याच मिस्त्रीनं मास्तरांच्या गाडीला बॉक्स वीतभर मागे लावला.

मास्तर शाळेत भूगोल शिकवत. मिस्त्रीशी वीस वर्षांची दोस्ती. नकाशे शिकवून शिकवून कंटाळले आणि म्हणाले, आता बघून तरी येऊ. बायकोला घेऊन पंधरा दिवसांचा प्रवास ठरवला. वहिनींची पाठ धरायची. त्या गाडीवर बसून बघायला वर्कशॉपमध्ये आल्या आणि हसत म्हणाल्या, "भाऊजी, हा बॉक्स माझ्या पाठीत घुसतोय. तुमच्या दोस्ताला मी जड झाले असेन, तर तसं सांगा."

मिस्त्री विरघळला. दुसऱ्या कुणाचं त्यानं ऐकलं नसतं. कॅरिअर मागे सरकवला, पाठीला टेकायला गादी लावली. मग सवयीनं ओळंबा सोडला. नट आसाच्या वीतभर मागे जाऊन लोंबला. मिस्त्रीनं तो बघितला, चांगला बघितला. वहिनी गादीला टेकून मास्तरांना म्हणत होत्या, "आता कुठंही ने." मिस्त्रीनं सुतळी गुंडाळून खिशात टाकली.

निदान एवढं तरी सांगायचं होतं, की मास्तर, सत्तरच्या वर नेऊ नका. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण वहिनी घाबरतील, नाहीतर बॉक्स पुन्हा उतरवायला लावतील, म्हणून हा गप्प बसला. ज्या माणसाचं तोंड एरवी बंद होत नाही, तो नेमका तेव्हा गप्प बसला.

आठव्या दिवशी डोंगरातल्या लांब उतारावर गाडी पडली. मास्तरांचा खांदा मोडला. वहिनी जागीच गेल्या.

मास्तरांनी कुणाला दोष दिला नाही, सगळा स्वतःला दिला. भेटायला येईल त्याला एकच सांगत. "हँडल हलायला लागलं आणि मी घाबरून घट्ट धरलं. दुसरा कुणी असता तर सावरली असती. मी मारलं तिला." शाळा सोडली. जेवण नावापुरतं. दार उघडं ठेवून दिवसभर खुर्चीत बसायचे.

मोडकी गाडी टेम्पोतून मिस्त्रीकडेच आली. त्याच दुपारी त्यानं कॅरिअर काढला, ग्राइंडरनं बोटभर लांबीचे तुकडे केले आणि भंगारवाल्याच्या पोत्यात टाकले. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. भीती वाटली, दुसरं काय. नंतर मात्र त्याच्या घशाखाली घास उतरेना. खरं बोललो तर मास्तरांच्या छातीवरचा धोंडा उतरेल, हे त्याला कळत होतं. दोस्ती जाईल, तीही जाऊ दे. पण आज सांगू, उद्या सांगू करत तीन महिने गेले. शेवटी त्याची बायकोच म्हणाली, "मनात काय आहे ते एकदा त्यांच्यासमोर ओका. तुमच्याकडं बघवत नाही."

एका सकाळी तो गेला. मास्तर खुर्चीत होते, दाढी वाढलेली. मिस्त्री बसलाही नाही.

"मास्तर, चूक तुमची नाही. बॉक्स मी मागे लावला होता. वीतभर. ओळंब्यात मला दिसलं होतं आणि मी बोललो नाही. ते हँडल कुणालाच सावरलं नसतं. वहिनींना मी मारलं."

क्षणभर मास्तरांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग म्हणाले, "दाखव बरं तो कॅरिअर."

"नाही माझ्याकडं. कापला. भंगारात दिला."

"कापला." मास्तरांनी मान हलवली. "मिस्त्री, वीस वर्षं बघतोय तुला. पाव इंच इकडंतिकडं झालं तरी सगळं उखडणारा तू. बॉक्स सरकवलास ते मी बघितलं, पण आसाच्या वीतभर मागे लावशील आणि गप्प बसशील? मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस."

"आईशप्पथ, मास्तर."

"शपथ कशाला घेतोस? अशानं ती परत येणार आहे का?"

मिस्त्रीनं पुन्हा सांगितलं. सुतळी, नट, गादी, वहिनी काय म्हणाल्या, सगळं सगळं. जितकं सांगावं तितके मास्तर त्याच्याकडे मायेनं बघत होते. असा दोस्त मिळायला भाग्य लागतं, असं काहीतरी ते पुटपुटले. मिस्त्रीला हुंदका फुटला आणि तो मटकन खालीच बसला.

मास्तर कष्टानं खुर्चीतून उठले. मोडका खांदा सांभाळत आत गेले आणि त्याच्यासाठी पाणी घेऊन आले. तो पाणी पिईपर्यंत त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "रडू नकोस," ते म्हणाले, "चूक माझी आहे, तू कशाला अंगावर घेतोस?"

मग ते त्याला दारापर्यंत सोडायला आले.