गरजू दिसण्याची तयारी

जरीपटका भागातल्या बाजारामागच्या वस्तीत पंचफुलाबाईंना लहानथोर सगळे नुसतं 'बाई' म्हणत. शिक्षण सातवी पास, आवाज मात्र थेट हेडमास्तरचा. मारुतीच्या देवळाला लागून टिनाचा मांडव होता, त्यात त्यांची बालवाडी भरे. खडू कधी असे, कधी नसे. पण दाराशी पाण्याचा ड्रम आणि दोरीला बांधलेला डबा कायम हजर. बाईंचा एकच कायदा होता: हात-तोंड धुतल्याशिवाय कोणी घास तोंडात घालायचा नाही. पोरांना 'क' काढता येवो न येवो, हे मात्र सगळ्यांना येत होतं.

वस्तीतल्या बाया बांधकामावर रेजा म्हणून विटा वाहायला जायच्या. पूर्वी पोरंही सोबत जात आणि रेतीच्या ढिगावर खेळत बसत. तिथेच एकदा रुखमाबाईच्या कवडूचा पाय चुना विरवायच्या खड्ड्यात गेला. तो पाय पोरगा अजून ओढतो. त्याच आठवड्यात बाईंनी देवळाच्या पंचांकडून मांडव मागून घेतला होता. पण त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर पंचांना मांडव लग्नकार्याला देणं जास्त पुण्याचं वाटू लागलं. भाडं द्या, नाही तर उठा, असं त्यांनी सांगून टाकलं. अनुदान मिळालं तर बालवाडी, नाही तर पोरं पुन्हा त्या खड्ड्याच्या काठावर.

शहराच्या महाल भागातली एक बालसंगोपन समिती अशा बालवाड्यांना अनुदान देत असे. समितीला गरिबांचा फार कळवळा होता, आणि तो कळवळा भलत्याच माणसावर खर्च होऊ नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून जपे. अध्यक्षा कुसुमताई गरिबी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करत नसत. त्या येणार असा निरोप आला.

पाहुणे येणार म्हटल्यावर वस्तीनं जे करायचं तेच केलं. बायांनी अर्धा दिवस कामाचा खाडा केला, पाणी तापवलं, पोरं घासूनपुसून काढली. नत्थू धोब्यानं गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं गाठोडं सोडलं आणि तेवढ्या दिवसापुरते झालरीचे फ्रॉक, कॉलरचे सदरे वाटून दिले. गोपिकेनं आपल्या चार वर्षांच्या प्रेमिलाला इतकी पावडर फासली, की पोरगी चुना दिलेल्या भिंतीसारखी दिसू लागली. वर काजळ, गालाला तीट.

कुसुमताईंनी मांडवभर नजर फिरवली. "भैयाजी, ही मुलं गरजू वाटतात का हो तुम्हाला?"

भैयाजी समितीचे सचिव. त्यांनी झालरी निरखून पाहिल्या आणि म्हणाले, "ताई, असा फ्रॉक माझ्या मुलीला नाही."

आठवड्यानं उत्तर आलं. सदर ठिकाणी गरजू बालके आढळली नाहीत.

बाई महालात गेल्या, जिना चढल्या, पुन्हा एकदा येऊन पाहा म्हणून हात जोडले. कुसुमताईंचं मन मोठं होतं, त्या कबूल झाल्या. इकडे बाईंनी बायांना गोळा केलं.

"या खेपेले तेल-पावडर काही नको. मळकीच पाठवा."

"काहून वं बाई?" गोपिका भडकली. "पाहुण्याइसमोर माह्या पोरीले मळकी ठेवू? लोक म्हणतीन, हिले माय नाही का!"

दुसऱ्या दिवशी नत्थूचे कपडे तेवढे नव्हते (मागच्या खेपेला एका साहेबाच्या पोराच्या सदऱ्याला काजळ लागलं होतं), बाकी पोरं तशीच लखलखीत. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोटारीचा हॉर्न वाजला. बाईंनी देवळामागच्या चुलीतली ओंजळभर राख उचलली आणि एकेका पोराच्या तोंडाला फासत सुटल्या. प्रेमिला रडायला लागली.

"बाई, म्या काय केलं?"

"काही नाही केलं, माय. उभी राह्य अशी." बाईंना स्वतःच्या हाताची किळस आली, पण हात थांबला नाही.

कुसुमताईंचे डोळे भरून आले. भैयाजींनी फोटो काढला. मग ताईंनी सोबत आणलेल्या बिस्किटांचे पुडे फोडायला सांगितले. बिस्किटं दिसताच सगळी पोरं उठली, रांगेनं ड्रमपाशी गेली आणि हात-तोंड खसाखसा धुऊन, चकचकीत चेहऱ्यांनी परत येऊन बसली.

आता संपलं सगळं, असं बाईंना वाटलं.

"पाहिलंत भैयाजी?" कुसुमताई गहिवरून म्हणाल्या. "आपण नुसतं पाऊल ठेवलं, तर पाच मिनिटांत केवढा फरक!"

भैयाजींनी दुसरा फोटो काढला. दोन्ही फोटो समितीच्या भिंतीवर शेजारी शेजारी लागले: भेटीपूर्वी आणि भेटीनंतर. अनुदान मंजूर झालं. सोबत अट होती. शिक्षिकेस स्वच्छतेची जाण नसल्याने तिने दर सोमवारी महालात येऊन प्रशिक्षण घ्यावे. बाई सोमवारी जात, पहिल्या रांगेत बसत, आणि हात कसे धुवावेत ते कुसुमताईंकडून मान हलवून शिकून घेत. राग यायचा, नाही असं नाही. पण परतताना बांधकाम लागायचं. रेतीच्या ढिगावर एकही पोरगं दिसायचं नाही, आणि बाईंचा राग तिथंच निवायचा.

वर्ष सरलं. एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. समितीची मोटार नव्हतीच ती, रस्ता चुकलेलं कोणीतरी होतं. पण बाई दाराशी जाऊन परत वळतात तो मांडव रिकामा. पोरं देवळामागून धावत आली, प्रेमिला सगळ्यांच्या पुढे. केसांपासून हनुवटीपर्यंत राख. तिनं ती स्वतःच फासली होती, आणि धाकट्या भावालाही नीट लावून दिली होती.

"बाई, पाहुणे आले नं?" ती हसत म्हणाली. "पाह्य, झाली मी तयार!"