तिन्हा नेम शे

पिस्तूल एका हातात धरून हात खांद्याच्या रेषेत लांब करायचा, मागच्या खाचेत पुढची माशी बसवायची, श्वास अर्धा सोडायचा आणि थांबायचं. मग इतक्या हळू घोडा दाबायचा की गोळी कधी सुटली ते आपल्यालाही कळू नये. हे सगळं मला येतं. नेमक्या त्याच क्षणी मागच्या दारातून "गॅसवाला ओटीपी मांगी ऱ्हायना" असं ऐकू आलं की डोकं ठिकाणावर ठेवणं मात्र मला अजून जमलेलं नाही.

कॉलेजात असताना एनसीसीत मी रायफल चालवली होती. मग नोकरी, लग्न, मुलं. चाळिशी उलटली, मुलं शिकायला बाहेर गेली आणि मला पुन्हा हुक्की आली, या खेपेला पिस्तुलाची. महिन्यातून एखाद्या रविवारी नाशिकच्या क्लबात जाऊन खऱ्या गोळ्या झाडायच्या आणि एरवी घरामागच्या खळ्यात हवेच्या पिस्तुलावर सराव करायचा. खळ्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मातीचा उंच ढीग, ढिगाला टेकवलेलं भरलेलं पोतं आणि त्याला टाचलेला कागद. मधे मोजून पंचवीस मीटर. हे पिस्तूल खरं दहा मीटरसाठीच असतं. एवढ्या लांब जाता जाता छर्रा वितभर खाली उतरतो आणि वाऱ्याने बाजूला सरकतो. वारा वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारीकडून आला तर छर्ऱ्याआधी मीच हलते, कारण ठसका लागतो. पण माझी स्पर्धाच पंचवीस मीटरची होती आणि थंडीत तिची निवड चाचणी होती. ऑफिसला नंदुरबारला निघण्याआधी सकाळचा एक तास मला मिळाला असता तर माझी तक्रार नव्हती. एक तास, ज्यात मला कोणी हाक मारणार नाही. याहून जास्त मी या घराकडे काही मागितलं नव्हतं.

नवऱ्याला रोज सकाळी पाकीट सापडायचं नाही. ते रोज फ्रिजवर असायचं. शेतातली मोटर चालू झाली की नाही हे त्याला मोबाइलवर दिसायचं, तरी ते मला येऊन सांगायचा. चुलतदिराचा शेताकडे जायचा जवळचा रस्ता आमच्या खळ्यातून, म्हणजे सरळ माझ्या कागदासमोरून जायचा. मी पिस्तूल खाली करून टेबलावर ठेवायची, तो निवांत मधोमध थांबायचा आणि विचारायचा, "वहिनी, ह्या पिस्तूलघाई रानडुक्कर मरी का?" नाही मरणार, असं मी किती वेळा सांगितलं असेल. दुसऱ्या दिवशी त्याला नव्याने आशा वाटायची.

सगळ्यात जास्त छळ सासूबाईंचा होता, आणि त्या तर आपणहून एक शब्द बोलायच्या नाहीत. हळूच मागे येऊन उभ्या राहायच्या. कोणी पाठीशी उभं आहे हे मानेला कळतंच. मी वळले की म्हणायच्या, "कर तू, कर. मन्हं काही काम नही." काम नसलेलं माणूस पाठीशी उभं राहिलं की दहातले आठ छर्रे मातीत जातात.

एका संध्याकाळी मी वैतागून त्यांना समोर बसवलं. राग आला की माझी अहिराणी पळून जाते आणि तोंडून शाळेतली मराठी निघते, तशीच तेव्हा निघाली. "आई, नेम धरल्यावर मधे कोणी बोललं ना, की सगळं वाया जातं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मधमा बोलं ते नेम मोडस?"

"हो, मोडतो."

"मंग आधी काबर नही सांगं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खळ्यात गेले तेव्हा मागच्या दारात त्या खाट टाकून बसलेल्या होत्या. शेजारची बाई साखरपुड्याचं आमंत्रण घेऊन आली आणि थेट खळ्याकडे निघाली. सासूबाईंनी हात आडवा घातला. "थांब वं. तिन्हा नेम शे. मधमा बोलानं नही." शेजारीण जागच्या जागी थांबली, पदर डोक्यावर घेतला आणि आल्या पावली परत गेली. मी हे सगळं ऐकलं, हसू दाबलं आणि त्या तासात या वर्षातले सगळ्यात चांगले छर्रे मारले.

त्यानंतर खळं शांत झालं. चुलतदीर लांबच्या रस्त्याने जाऊ लागला. नवऱ्याला पाकीट स्वतःचं स्वतः सापडलं. मी खुशीत होते, पण ती खुशी आठवडाभरही टिकली नाही, कारण नेम गावात फिरू लागला होता.

आधी ओट्यावर कोणीतरी नारळ ठेवून गेलं. मग बसस्टॉपवर एका बाईने कोणत्या देवाचा नेम म्हणून विचारलं. मी म्हटलं, देवाचा नाही, पिस्तुलाचा. तिने समजूतदारपणे मान हलवली आणि म्हणाली, "हाव, देवनं नाव सांगानं नही ऱ्हास." दुसरीने तिच्या मुलाच्या नोकरीचं माझ्या नेमात घ्यायला सांगितलं. साखरपुड्याला गेले तर सगळ्यांच्या ताटात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, आणि माझ्यासाठी कांदालसूण न घातलेली भगर वेगळी काढून ठेवलेली. भरिताचा वास नाकात आणि भगर घशात. मी खरं सांगू लागले तर वाढणारी म्हणाली, "तुम्हीन बोलू नका, आमले माहीत शे." त्या दिवशी मला अक्षरशः ताटावरून उठून जावंसं वाटलं.

ताप आला तेव्हा तर कहर झाला. मी गोधडीत पडून होते, ऑफिसला रजा टाकली होती. सासूबाई उशाशी आल्या. "ऊठ, नेमले खाडा नही चालस." मला शाल गुंडाळून त्यांनी खळ्यात उभं केलं. एका कागदाचे दोन दिसत होते. मी म्हटलं, "आई, लोकांना तुम्ही काहीतरी भलतंच सांगितलंय. आता खरं सांगून टाका."

"मी कोठे खोटं बोलनू? तू नेम धरस का नही धरस?"

"धरते," मी चिडून म्हटलं आणि छर्रा मातीत मारला.

चाचणी झाली. नाशिकच्या रेंजवर शेजारी विशीतल्या पोरी, कानाला मफ, सगळीकडे गोळ्यांचे आवाज, आणि माझा हात दगडासारखा स्थिर. वाटलं, जमलं. शेवटच्या फेरीत गोळ्या खाली उतरत गेल्या आणि अगदी थोडक्यात निवड हुकली. एसटीत धुळ्यापर्यंत खिडकीला डोकं टेकून बसले. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "जाऊ दे, पुढला वरीस." तो मनापासूनच म्हणाला होता.

पण सकाळी मी पिस्तूल घेऊन खळ्याकडे निघाले तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं. "व्हयनी ना तुन्ही परीक्षा? आते कसाना नेम?" चुलतदीर समोरून आला, रानडुकराची चौकशी करून गेला. आतून पाकिटाची हाक आली. मोटरची आली. मी हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. निवड झाली नाही याचं वाईट वाटतच होतं, पण माझा तास गेला, तोही कोणी हिसकावून न घेता, संपला असं सगळ्यांनी आपसात ठरवून टाकल्यामुळे गेला, याने माझं डोकं फिरलं. पिस्तूल पेटीत बंद करून मी स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंवर बरसले. "तुम्ही देवाचं नाव लावलंत म्हणून हे झालं. पिस्तूल म्हटलं असतं तर लोकांना कळलं असतं की हे माझं काम आहे, ते संपत नसतं." बोलता बोलता रडू आलं. रागाचं रडू फार वाईट, धड बोलूही देत नाही.

त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सोलायचं थांबल्या नाहीत. "पिस्तूलसाठे या घरमा तुले तासभर कोन देता? मी तरी देतू का?"

मी नाक पुसलं.

"मन्हा मंगयवारना नेम शे. गावबाहेरनी देवीना. लगीन व्हयनं तैपाईन."

"लग्नापासूनचा, माहीत आहे मला."

"तठे जाईसन मी काय करस, माहीत शे?"

"पूजा करता."

"एक फूल वाहस. मंग ओटावर बशी ऱ्हास. ऊन पायवर येस तवलोंग."

"नुसत्या बसून राहता?"

"नुसती. तठे माले कोन्ही हाक मारत नही."

इतक्या वर्षांत दर मंगळवारी त्यांच्या हातात फुलाची परडी दिली होती आणि मनातल्या मनात त्यांच्या देवभोळेपणाला हसलेही होते. त्यांनी पुढची शेंग घेतली.

बाहेरून नवऱ्याने आवाज दिला, "चहा व्हयना का वं?"

मी सवयीने उठायला लागले. सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि दाराकडे तोंड करून ओरडल्या, "तिन्हा नेम शे!"

"संपना ना तो?"

"उद्यापन नही व्हयेल."

"मंग कधी शे उद्यापन?"

"मन्हं व्हयनं म्हनजे तिन्हं करसूत," त्या म्हणाल्या आणि माझं मनगट सोडून दिलं.

मी पेटी उचलली आणि खळ्यात गेले. कागद नवा टाचला, जागेवर येऊन हात लांब केला. स्वयंपाकघरात साखरेचा डबा कुठे आहे असं नवरा विचारत होता. सासूबाई तिथेच बसलेल्या होत्या. त्याला कोणी उत्तर दिलं नाही.